तुमचा सोमवार, आमचा रविवार

सातूइया केंद्र, सामोआ
मंगळवार, २९ नोव्हेंबर १९८३

इओपू,

सहा वर्षांनी लिहितेय, तेही कचेरीच्या कामासाठी. तेव्हा ख्यालीखुशाली राहू दे.

गुरुवारच्या विमानाने सुवाहून दोन पाकिटं आली. एकात तुझ्या सहीचं टिपण. मोआना विद्यापीठाला पंधरा वर्षं झाली, त्यानिमित्त पुस्तिका निघणार, तर प्रत्येक बेटावरच्या केंद्राने आपला इतिहास दोन पानांत पाठवावा, भाषा प्रसन्न असावी. दुसऱ्यात कुलसचिवांचं पत्र. सातूइया केंद्राच्या अकराही परीक्षार्थींचे निकाल रोखले आहेत, प्रश्नपत्रिका आधी फुटल्याचा संशय आहे, केंद्र बंद करून रेडिओ संच दुसऱ्या बेटाला का देऊ नये याचा खुलासा करावा. बारा डिसेंबरला परीक्षा मंडळ बसेल. दोन्ही पाकिटांवरची तिकिटं एकाच हाताने तिरकी चिकटवलेली दिसली. तुझं सगळं लहानपणापासून तिरकंच.

आधी इतिहास घे, तो सोपा आहे. अडुसष्ट साली आपण दोघं केळ्यांच्या बोटीने सुवाला गेलो. विद्यापीठ म्हणजे सैन्याने सोडलेल्या बराकी होत्या. दहा बेटांची पोरं एका भटारखान्यात जेवायची आणि कोणालाच कोणाचं जेवण आवडायचं नाही. तू टोंगाच्या पोरांशी नीरफणसावरून भांडला होतास. पहिल्या दिवशी कुलगुरू म्हणाले होते की एक दिवस बेटांना विद्यापीठाकडे यावं लागणार नाही, विद्यापीठच बेटांकडे येईल. आपण दोघांनी ते खरं मानलं. मी परत आले. गावाने खोबऱ्याची जुनी वखार दिली, बायकांनी वर्षभर चटया विणून छपराचे पत्रे आणले. पहिली पाच वर्षं धडे बिस्किटांच्या डब्यांतून बोटीने यायचे आणि उत्तरं त्याच डब्यांतून परत जायची. पुढे अमेरिकनांनी टाकून दिलेला उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला आणि तू बेटोबेटी फिरून रेडिओ बसवलेस. हे प्रसन्न भाषेत तूच लिही.

आता कुलसचिवांसाठी खुलासा. परीक्षा आमच्याकडे सोमवारी, चौदा नोव्हेंबरला सकाळी नऊला झाली. छापील वेळापत्रकात तीच तारीख आहे. वेळापत्रक उशिरा हाती आलं, त्यामुळे विचारणा करायला वेळ मिळाला नाही. पाकिटं मी स्वतः फोडली. खोलीत कोणी कोणाशी बोललं नाही.

त्या अकरा जणांत पेनीना आहे. वय चव्वेचाळीस, नवरा न्यूझीलंडच्या कारखान्यात, घरी पाच मुलं, एकोणीस वर्षं पहिलीला शिकवते. फेब्रुवारीत शाळा उघडतील तेव्हा सरकार पदविका नसलेल्या शिक्षकांना घरी बसवणार आहे. बाकीच्या दहांचंही तेच. हे कुलसचिवांना ठाऊक नसेल, तुला असायला हवं.

मोएलागी
केंद्रप्रमुख


सातूइया
सोमवार, ५ डिसेंबर

इओपू,

तुझं पत्र मिळालं. सुरुवातीला "ताई" लिहून खोडलंस आणि वर "महोदया" लिहिलंस. शाई पातळ आहे तुमच्या कचेरीतली, खालचं दिसतं.

उत्तरं तपासणाऱ्या बिसेसर मास्तरांनी काय पकडलं ते तू सविस्तर लिहिलंस ते बरं झालं. चौथा प्रश्न होता, मूल आकडे कसं शिकतं ते स्वतःच्या गावातलं उदाहरण देऊन लिहा. आणि आमच्या अकराही जणांनी लिहिलं की काका उसाच्या फडात मोळ्या बांधताना पोराला बेरीज शिकवतो. मी वाचलं आणि लाजेने माझे कान तापले. सामोआत उसाचा फड कुठून आणणार? घराच्या कुडामागे चघळायला चार ऊस असतात, तेही कोणी मोळीने बांधत नाही. तो मास्तरांचा काका आहे, फिजीतल्या त्यांच्या गावचा. तुमच्या सोमवारी दुपारी चारला, तुमच्याकडची परीक्षा संपल्यावर, मास्तरांनी रेडिओवर टोंगाच्या केंद्राला तो काका सांगितला. मास्तर भले गृहस्थ आहेत. आपलाच काका अकरा वेळा वाचून त्यांना काय वाटलं असेल.

पण तुझा सल्ला मला भला वाटला नाही. तू लिहितोस, "कोणीतरी एकाने संच चालू करून ऐकलं असणार. किल्ली पेनीनाकडे असते असं तुझ्या जुन्या अहवालातच आहे. तिचं एक नाव दे. दहा सुटतील, केंद्र वाचेल."

आणि तूही वाचशील, ते लिहायचं राहिलं.

आता तुला एक आठवण करून देते, जी द्यावी लागतेय याचंच मला नवल वाटतं. तारखेची रेघ आपल्या मधल्या पाण्यातून जाते. तुमचा सोमवार तो आमचा रविवार. दर वर्षी परीक्षा मंगळवारी सुरू व्हायच्या त्या आमच्यासाठीच. यंदा तू वेळापत्रक केलंस आणि सगळ्या बेटांना एकच ओळ छापलीस, "सुवाच्या सोमवारी सकाळी नऊला, एकाच वेळी." म्हणजे आमच्या रविवारी सकाळी दहाला. रेघेच्या आमच्या बाजूला असलेल्या निउए आणि रारोटोंगाला यंदा या विषयाला कोणी बसलं नव्हतं, म्हणून बोंब झाली नाही. सामोआच्या माणसाने रविवारी दहाला परीक्षा ठेवली, इओपू! त्या वेळी गावात कोंबडीसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. लहानपणी रविवारी झाडावर चढलास म्हणून पापांनी तुला वेताने फोडलं होतं. पंधरा वर्षं सुवात राहिलास की वळ पण जातात वाटतं.

मी परीक्षा एक दिवस पुढे नेली, आमच्या सोमवारी घेतली. दुसरं काय करणार होते? पाद्री सिमींनी चर्चमध्ये विचारलं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं?

आणि आधीच्या पत्रात एक खोटं होतं. वेळापत्रक उशिरा आलं नाही. तीन ऑक्टोबरला आलं. त्याच दिवशी मला चूक दिसली. तार करायला दोन मिनिटं लागली असती. पण तार तुझ्या नावाने करावी लागली असती.

मी म्हटलं, त्याचं त्याला कळू दे. दर आठवड्याला तू रेडिओवर सगळ्या बेटांची हजेरी घ्यायचास, आणि मी वाट बघायचे की आज हा म्हणेल, सातूइया, माझी चूक झाली. सहा आठवडे वाट बघितली. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. एवढा हुशार, एवढा सुवाचा साहेब, आणि स्वतःचा रविवार विसरला. ही मजा अकरा जणांच्या भाकरीवर चालली होती हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पेनीनाचं नाव मी देणार नाही.

मोएलागी


सातूइया
गुरुवार, ८ डिसेंबर

इओपू,

आज तुमची तार आली की मंडळ सोमवारी सकाळी दहाला सगळ्या केंद्रांना रेडिओवर घेऊन सुनावणी करणार. पुन्हा सोमवार, पुन्हा दहा. म्हणजे आमचा रविवार, अकरा वाजता, ऐन प्रार्थनेत. तार वाचून मी हसले आणि मग मला रडू आलं.

पेनीना काल माझ्याकडे आली होती. ओटीवर मांडी घालून बसली, ताडपत्राचा पंखा हलवत राहिली आणि बराच वेळ तिच्या डुकरिणीच्या पिल्लांबद्दल बोलली. मग म्हणाली, "बाई, माझं नाव द्या. मी नवऱ्याकडे जाते म्हणून सांगेन गावात."

मी विचारलं, "तू काय केलंस ते आधी सांग."

तिने सांगितलं. तसं मला माहीत होतं सगळं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तिने तो उसाचा काका ऐकला. चर्चच्या पायरीवर तिने तो पहिल्याला सांगितला आणि शेवटचं गाणं होईपर्यंत दहाव्यापर्यंत पोचवला. मी म्हटलं, "एकटीने ठेवून घेतला असतास तर कोणाला कळलंही नसतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला एकटीला मिळालेलं मी एकटी खाऊ? मग मला गावात कोण उभं करेल?" इओपू, मंडळातल्या लोकांना हे कसं समजवायचं? त्यांच्या लेखी ती चोर आहे. आपल्याकडे तिने लपवलं असतं तर ती चोर ठरली असती. मास्तरांनी शिकवलं आणि आपण सगळ्यांना दिलं, एवढंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडल्यावर चौथ्या प्रश्नात तोच प्रश्न दिसला तेव्हा तिला कळलं की आपण उत्तरच वाटलंय, असं ती म्हणाली. तोवर अकरा जण लिहायला लागले होते.

तिने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तिला मला वाचवायचं होतं.

संच तिने चालू केला नव्हता. मी केला होता.

आता लिहायलाच बसलेय तर सगळं लिहिते. त्या रविवारी पाच वाजता मी केंद्रात गेले. रविवारी वखारीचं दार उघडायचं नाही हा माझाच नियम. मला ठाऊक होतं की तुमच्याकडे सोमवारचे चार वाजलेत आणि आता परीक्षेनंतरची हजेरी होणार. मी फक्त हजेरी ऐकायला गेले होते. तारावा, होनियारा, पोर्ट विला, फुनाफुती, नुकुआलोफा. तू प्रत्येक नावाच्या आधी थोडा घसा खाकरतोस. पापा चर्चमध्ये गाण्याआधी खाकरायचे तसाच. सहा वर्षं मी दर बुधवारी "सातूइया हजर" एवढंच बोलते आणि बाकीचा तासभर तो आवाज ऐकते. बुधवार पुरला नाही म्हणून रविवारी गेले. बोलायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

पेनीना चर्चची फुलं बदलून बादली ठेवायला मागच्या दाराने आली. मला बघून थबकली. मी तिला बस म्हटलं. हजेरीनंतर मास्तर सुरू झाले. ते परीक्षेचंच बोलताहेत हे मला पहिल्या मिनिटात कळलं. उठून बटण बंद करायला हवं होतं. पण मास्तरांचं झालं की तू परत येऊन सगळ्यांचा निरोप घेतोस. मी त्या निरोपासाठी थांबले.

कुलसचिवांना मी लिहिलं की पाकिटं मी स्वतः फोडली. ते खरं आहे. प्रश्नही मीच फोडला, ते लिहिलं नव्हतं.

तर रविवारी मी संचापुढे बसेन. चर्चमधून उठून जाईन. पाद्रीबाबांना आजच सांगून आले. त्यांनी रागवावं अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारलं की वखार चर्चपासून किती पावलांवर आहे. मी म्हटलं साठ. मग म्हणाले, "तर गाणाऱ्यांना आवाज आवरायला सांगतो. तुझ्या यंत्रात शिरायला नको." मी निघताना मात्र पाठ दाखवून उभे राहिले. म्हणजे आवडलेलं नाही.

मी माझं सांगेन. रविवारी संच लावला, पेनीनाला बसवलं, बंद केला नाही. वेळापत्रकाबद्दल मी तोंड उघडणार नाही. मंडळाने विचारलं तरी नाही. आपल्याकडे भावाने बहिणीपुढे आवाज चढवायचा नसतो आणि बहिणीने भावाला चारचौघांत उघडं पाडायचं नसतं. मी ते पाळेन. पण वेळापत्रक कसं चुकलं ते कोणी सांगितलंच नाही, तर मंडळाला दिसेल ते एवढंच की सातूइयाच्या बाईने मुद्दाम एक दिवस उशीर करून पेपर फोडला. मग अकराही जण गेले, वखारही गेली.

हे पत्र उद्याच्या विमानात पडेल. तुमच्या शनिवारी तुझ्या हातात असेल. त्यानंतर तुझ्याकडे एक पूर्ण दिवस आहे.

मोएलागी


सातूइया
सोमवार, १२ डिसेंबर

इओपू,

काल तू तिकडे होतास, पण इकडची खोली तुला दिसली नाही, म्हणून लिहिते.

मी पावणेअकराला उठले. सगळं चर्च उठणाऱ्या बाईकडे बघत होतं. पांढरे कपडे, पांढरी टोपी, आणि मी त्या साठ पावलांत दोनदा अडखळले. वखारीत शिरले तर पेनीना आधीच भिंतीशी बसलेली. तिच्यामागून एकेक करत बाकीचे दहा आले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. ते जमिनीवर बसले आणि मी संच लावला.

तुझा आवाज आला. तारावा. खाकरलास. होनियारा. पोर्ट विला. फुनाफुती. नुकुआलोफा. निउए. रारोटोंगा. मग बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं उपग्रह गेला. आपला उपग्रह म्हातारा आहे, मध्येच झोप काढतो. मग तू म्हणालास, "सातूइया," आणि मी हजर म्हटलं.

अध्यक्षांनी विचारलं, मी सांगितलं. जे तुला लिहिलं होतं तेच, फक्त हजेरी ऐकायला का गेले ते सांगितलं नाही. म्हटलं, संचाची तपासणी करत होते. तेवढं एक खोटं माझ्याकडे राहू दे. पेनीना मागून "मी पण होते" म्हणाली, ते यंत्रात गेलं की नाही कोण जाणे. आठ बेटांवर लोक ऐकत होते. टोंगाच्या केंद्रात कोणीतरी खोकलं तेही ऐकू आलं.

मग अध्यक्षांनी विचारलं, "बाई, परीक्षा एक दिवस पुढे का नेली? वेळापत्रकात स्पष्ट वेळ होती."

मी बटण दाबलं नाही. हात त्यावर ठेवला होता, दाबला नाही. चर्चमध्ये हळू आवाजातलं गाणं चाललं होतं, पाद्रीबाबांनी शब्द पाळला होता. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं. अकरा माणसं माझ्या पाठीकडे बघत होती. त्यांना वेळापत्रकाचं ठाऊक होतं, त्यांना वाटत होतं की बाई सांगत का नाहीत. पेनीनाने माझ्या झग्याचं टोक धरून ओढलं. इओपू, त्या अर्ध्या मिनिटात मी तुला इतक्या शिव्या दिल्या की रविवारी त्या मनातसुद्धा आणू नयेत.

आणि तू खाकरलास.

"वेळापत्रक मी केलं," म्हणालास. "मी सामोआचा आहे. सुवाचा सोमवार म्हणजे आमचा रविवार, हे मला आठवलं नाही. सातूइयाने रविवार पाळला. मी पाळला नाही." मग थोडं थांबून, आठ बेटं ऐकत असताना, हजेरीत कधी येत नाही ते नाव घेतलंस. "ताई, ऐकतेयस ना?"

मी बटण दाबून "हजर" म्हटलं. मागे पेनीना रडत होती आणि रडताना माझ्या झग्यालाच नाक पुसत होती.

मोएलागी


सातूइया
मंगळवार, २० डिसेंबर

इओपू,

मंडळाची तार तुला आधी कळली असेलच. अकरा जण दहा जानेवारीला नव्या प्रश्नपत्रिकेला बसतील. यावेळी मंगळवार आमचा आहे, मी तीनदा तपासला. तुमचा तो बुधवार असेल. केंद्र राहील, संच राहील. केंद्रप्रमुख राहणार नाही. किल्ली नव्या माणसाच्या हाती महिनाअखेर द्यायची आहे. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. वखारीच्या छपराचा प्रत्येक पत्रा मला ओळखीचा आहे. काल झाडताना कोपऱ्यात बिस्किटाचा एक जुना डबा मिळाला, त्यात एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उत्तरपत्रिकेचं अर्धं पान होतं, झुरळांनी बाकीचं खाल्लेलं. तो डबा मी घरी आणला. पुस्तिकेच्या लोकांना सांग, सातूइयाचा इतिहास माझ्या खाटेखाली आहे.

तू लिहितोस की तुला रेडिओवरून काढून भांडारात बसवलं, खडू आणि कागदांचे गठ्ठे मोजायला. म्हणजे बुधवारी हजेरी दुसराच कोणी घेणार. आणि सातूइयाहून हजर दुसराच कोणी म्हणणार. आपण दोघं एकाच आठवड्यात गप्प झालो.

आणि लिहितोस की तू बारीक विणीची चटई घेऊन येणार, पहाटे आमच्या दारापुढे ती अंगावर पांघरून गुडघे टेकून बसणार, मी आत बोलावेपर्यंत उठणार नाही. चूक केलेल्याने जसं बसायचं असतं तसं. पत्र वाचून मी कपाटातली चटई बाहेर काढून उन्हात टाकली, कसर लागली होती म्हणून. मग बसले आणि विचार केला.

पापा गेले तेव्हा तू तारावात होतास. रेडिओवर तूच बोललास, "ताई, पाच दिवस थांबा, बोट मिळतेय." मी म्हटलं थांबता येत नाही. गावात सगळ्यांना सांगितलं की त्याला यायचंच नव्हतं. सहा वर्षं तेच सांगत आले, मग मलाही तसंच वाटायला लागलं. थांबता येत होतं, इओपू. आपियाच्या इस्पितळात बर्फाची सोय होती. आपल्या काकांनी दोनदा विचारलं होतं. मला राग आला होता की पापा आजारी असताना तू दुसऱ्यांच्या बेटांवर खांब रोवत फिरत होतास, आणि त्या रागात मी त्यांना तुझ्याशिवाय पुरलं. चटई पांघरून बसायचं तर दोन लागतील, आणि दोघंही बाहेर बसलो तर आत कोण बोलावणार?

म्हणून चटई आणू नकोस.

सव्वीस तारखेच्या सोमवारचं विमान घे. तुमचा नाताळ तिकडे उरकून निघ. रेघ ओलांडलीस की इथे पोचशील तेव्हा आमचा पंचवीस असेल, रविवार आणि नाताळही. रविवारी विमान उतरतं म्हणून पाद्रीबाबा दर आठवड्याला नाक मुरडतात, पण या खेपेला त्यांनीच मला विमानाची वेळ विचारली. बस नसते, मी काकांची गाडी घेऊन विमानतळावर येईन. दगडांची भट्टी आदल्या दिवशीच रचून ठेवते. अळूच्या पानांत नारळाचं दूध, तुला जळलेलं आवडतं तसं, कडेला ठेवेन. पेनीना डुकराचं एक पिल्लू देणार आहे, नको म्हटलं तर ऐकत नाही.

आधी पापांकडे जाऊ, मग जेवू. तोवर मी कोणालाही पान वाढणार नाही. यावेळी थांबते.

तुझी ताई